मी बंद केलेली तक्रार

वाळूज,
९ नोव्हेंबर २०२५

चारुतास,

सोमनाथचा नमस्कार. मी मजेत आहे, तूही पुण्यात रुळली असशील. देवगावहून आईनं भुईमुगाच्या शेंगा पाठवल्यात, निम्म्या तुझ्या म्हणून बाजूला ठेवल्यात.

ऑगस्टपासून तू फोन उचलत नाहीस. आपल्या कोडिंगच्या ग्रुपच्या साइटवर लिहिलं की सगळे वाचतात. म्हणून कागद.

काल क्रांती चौकाजवळच्या त्याच क्लासच्या खोलीत ग्रुपची बैठक झाली. विषय वेब इंटरफेसचा, म्हणजे पान वापरणाऱ्यापुढं कसं येतं त्याचा, आणि बोलणारा मी. वाळूजच्या बसांचं माझं पान दाखवलं. तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेला पोरगा बावीस इंजिनिअरांपुढं उभा राहिला अन् एकदाही अडखळला नाय. नकाशा, थांब्यांची चित्रं, सगळ्यांना लई आवडलं. देवेश म्हणाला, सोम्या, कॉलेजचंच नुकसान झालं.

मग वैजनाथकाका उठले. तू गेल्यावर यायला लागलेत. इथल्या एका कारखान्यात टेलिफोन सांभाळतात. त्यांना दिसत नाही. कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो अन् ते कळा दाबत पुढं सरकतात.

"माझी बस मलाच शोधून काढू दे की," म्हणाले.

मी ऐटीत खुर्ची दिली. लॅपटॉप बोलायला लागला, "चित्र. चित्र. चित्र." 'बस शोधा'वर काही केल्या काका पोचेनात. ते बटण माउसशिवाय दाबलंच जात नव्हतं. पाच-सहा मिनिटं खोलीत तेवढा एकच आवाज.

"राहू दे बाबा," काका म्हणाले, "रोजच्यासारखं कुणाला तरी विचारीन."

मी कुणाशी भांडलो नाही. तुला खरं वाटणार नाही, पण देवेशला विचार.

हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं कुणीतरी विचारलं. देवेशला माहीत होतं, तो खाली बघत बसला. मीच साइट उघडून या पानावरची तुझी ऑगस्टमधली तक्रार मोठ्यानं वाचली, तुझं नाव घेऊन. माउसशिवाय बटण चालत नाही, चित्रांना नावं नाहीत. त्याखालचं माझं उत्तरही वाचलं: "डिग्रीवाल्यांनी आपलं पान आपण बनवावं." आणि तक्रार बंद. अपमान चारचौघांत केला होता, तर कबुलीही चारचौघांतच.

पण एक गोष्ट तिथं सांगितली नाही. तुझ्या तक्रारीचा मला राग नव्हताच. त्याच सकाळी तू पुण्याच्या नोकरीचा पेढा दिला होतास. तो मी हसत खाल्ला अन् दुपारी ते लिहिलं. थांब म्हणायची हिंमत नव्हती, भांडायची होती.

आज काकांना शेजारी बसवून सगळं दुरुस्त केलं. त्यांनी स्वतः सव्वापाचची बस काढली, मग उगाच आणखी चार काढल्या. पान आता चांगलं झालंय, हे मी छातीठोक सांगतो.

तक्रार पुन्हा उघडलीये. ज्यानं नोंदवली त्यानंच तपासून बंद करायची, हा आपल्या ग्रुपचा नियम मी मोडला होता. आता तिला हात लावणार नाही. पुढची बैठक १३ डिसेंबरला, शनिवार आहे. ये, समोर बसून तपास, काय खोट काढायची ती काढ. पानात काढ, माझ्यात काढ. मी ऐकून घेईन. शेंगा त्याच दिवशी भाजीन.

तुझाच (हे कुणाला न विचारता लिहिलंय, खोडायचं असेल तर तू खोड),
सोमनाथ