चुलीखाली गेलेला चमचा

ती. मेहिटेबल मावशीस,

एरास्टसचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तांबड्या गायीची लाथ मारायची खोड गेली का? मी खुशाल आहे, अंगाने थोडा सुटलोही आहे; का, ते पुढे येईलच.

काकांचा चमचे ओतायचा पितळी साचा सुखरूप आहे. (एकदा एका हंसाने पाठ धरली तेव्हा दगडावर आपटला, एवढंच. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर चामखीळ उठते. लोकांना सांगतो, अंगठा टेकायला मुद्दाम ठेवलीय. निम्मा व्हरमाँट प्रांत आता चामखिळीवर अंगठा टेकून कढण पितो.)

तुला माझा धंदा ठाऊकच आहे: घरातले मोडके कथलाचे चमचे वितळवायचे, नवे ओतायचे, मिळेल तो घेवडा खायचा आणि तिसऱ्या दिवशी पुढचं दार. मार्चात, साखरेसाठी मेपलच्या झाडांचा रस उकळायच्या दिवसांत, ओबेड पिंगरींकडे पोचलो. माणसं सहा, मोडके चमचे सहा, भिंतीवर चमचे अडकवायच्या फळीला भोकं सहा. (त्यांच्या मेंढ्यासुद्धा रांगेत चालतात.) मी पळीत कथील घेऊन साच्यावर धरलं, आणि नेमकी त्यांची मुलगी लोविना रसाची बादली घेऊन आत आली. ती जिकडे वळली तिकडे माझी पळीही वळली. एका चमच्याचं कथील चुलीपुढच्या फरशीच्या फटीत गेलं.

"पोरा, सहावा कुठाय?" ओबेडकाका म्हणाले.

"काका, फरशीखाली."

"मग मी आता फरशी चाटू? माझा चमचा फळीला लागेपर्यंत इथून हलायचं नाहीस!"

तेव्हापासून ते लाकडी डावाने जेवतात. डाव तोंडात मावत नाही, म्हणून निम्मं कढण मिशी पिते, आणि दर घोटाला ते माझ्याकडे बघतात. मी लोविना वाढेल तितकं पाव बुडवून खातो, लाकडं फोडतो, मेंढ्या धुतो. चमचा झाला की मी सुटलो. आणि मावशी, जन्मात पहिल्यांदा मला सुटायची भीती वाटतेय.

तुझा,
एरास्टस

ता.क. तुझ्या माळ्यावर तोटी तुटलेली कथलाची किटली आहे. तिचं झाकण तेवढं पाठव, एका चमच्याला पुरेल.

ता.क. घाई नाही. लोविना म्हणते, रस्त्यांवर फार चिखल आहे. सप्टेंबरपर्यंत वाळायचा नाही म्हणे.

ता.क. पत्र मिटणार तोच ओबेडकाका गिरमिट घेऊन आले आणि त्यांनी फळीला सातवं भोक पाडलं. मग मला म्हणाले, "बघतोस काय? भुसा झाड." मावशी, अख्खी किटली पाठव. उद्याच.