डावखुऱ्या गाठीची बाटली

चि. भावजींना वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाई अजून तेल चोळून देतात की आता नुसत्या बोलूनच चोळतात? मी ठणठणीत आहे. दिवसभर लोकांच्या खोकल्याचा काढा चाखते, त्यामुळे मला स्वतःला खोकायला उसंत नाही.

पत्रास कारण, तुमच्या भट्टीवरून काढ्याची तिसरी बाटली तपासायला आली. आधीच्या दोन मीच नापास केल्या, रागावू नका. (रागावला असाल तर रागवा, मला काही इथून दिसत नाही.) तुम्ही पडलात भित्रे. कढईत बुडबुडा आला की जाळ बाहेर ओढता, मग काढा पातळ पाणी. तुमचे दादा गेल्यावर त्यांची भट्टी तुमच्याकडे आली, पण धीर ते सोबत घेऊन गेले. आता तिसरी नापास झाली की साहेब तुम्हाला घरी बसवणार, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे बाटली दोनदा उचलून परत खाली ठेवली.

आमची तपासणीची खोली तुम्ही पाहिली नाहीत. पांढऱ्या फरशा, एक नळ, आणि भिंतभर फळ्यांवर जुन्या काढ्यांच्या बाटल्या, प्रत्येक खेपेची एक राखून ठेवलेली. खिडकी बंदच, बाहेरचा वास आत नको म्हणून. आधी नाकाने तपासायचं, मग जिभेने, मग इथल्या मॅडमच्या यंत्राने. तर बुचावरचा दोरा सोडायला गेले, तो सुटेना. गाठ उलटी, डाव्या हाताची. तुम्ही उजवे. (डाव्या हाताने तुम्हाला डोकंसुद्धा खाजवता येत नाही.) ओढता ओढता माझं नख मोडलं. संसारभर एकाच डावखुऱ्या माणसाच्या गाठींनी माझी नखं मोडली आहेत, भावजी.

मग जिभेवर थेंब घेतला. आधी करपट लागला, भट्टीपुढे गुणगुणताना जाळाचा विसर पडला की लागतो तसा. मागून ज्येष्ठमध, नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त. चोरून गोड खाणारा माणूस तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. बंद नळातून थेंब पडल्याचा आवाज आला. वर पाहिलं, तर तुमच्या दादांच्या शेवटच्या काढ्याची बाटली, जी मी रोज पुसते, तिच्या काचेवर आतून वाफ धरलेली. हात लावला. कोमट होती.

मॅडमनी विचारलं, "मावशी, कसा आहे?"

"ओळखीचा."

"म्हणजे पास?"

"करपट आहे."

"मग नापास करा की."

"बाई, लग्नाला उशीर होतोय का तुम्हाला?" मी म्हटलं. त्यांनीही चाखला, तोंड वाकडं केलं, करपट आहे म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं, मोडक्या नखाच्या मुठीत मी तो दोरा घट्ट धरून ठेवला होता. म्हणाल्या, ताजा नमुना मागवू, तोवर पास नाही नि नापासही नाही. तेव्हा नोकरी तूर्त शाबूत आहे. मुलांना गोड पापा. जाऊबाईंना यातलं काही वाचून दाखवू नका, त्या घाबरतील आणि गुडघा तुमचा चोळायचा राहील.

तुमची खोडकर वहिनी

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच. नवा काढा लावाल तेव्हा जाळ पेटवा, पळी कढईला टेकवा आणि बाहेर पाय मोकळे करायला जा. आत कुणी गुणगुणलं तरी वाकून बघू नका. फक्त जाताना मोठ्याने म्हणा, की वहिनीने सांगितलंय, या वेळी जाळ जरा आधी ओढा, धाकट्याच्या नोकरीचा प्रश्न आहे.

आणखी ता. क. हे सगळं तुम्हीच दादांची नक्कल करून केलं असेल, तर मला मुळीच कळवू नका.

आणि हो, गाठीबद्दल त्यांना काही बोलू नका. तशीच आवळून बांधू दे. नखं काय, वाढतात.