लाल बटण

१ जुलै, सोमवार
शाळेत टॅब्लेट आले. वर्गाला एक. ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी म्हणे. मुलाने चित्रावर बोट ठेवायचं, यंत्राने शब्द बोलायचा. शिक्षकांना दोन आठवडे ट्रेनिंग, शेवटी पालकांसमोर प्रात्यक्षिक.
विशेष मुलांना शिकवण्याचं माझं हे चोविसावं वर्ष. चोवीस वर्षं कोणाला सुचलं नाही, आत्ताच का सुचलं? कुठेतरी पाणी मुरतंय.
संकल्प : ट्रेनिंगला हजर राहायचं. शिकायचं काही नाही. फक्त लक्ष ठेवायचं.

२ जुलै, मंगळवार
ट्रेनरबाई पाहिल्या. माझ्या नोकरीपेक्षा वयाने जेमतेम दोन-चार वर्षं मोठ्या. सारख्या हसतात. विनाकारण हसणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. आज नवीन बटण बनवणं वगैरे दाखवत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही.
प्रात्यक्षिकासाठी एक मूल निवडा म्हणाल्या. मी चिमणीला निवडलं. नऊ वर्षांची, अंगाने एवढीशी, तोंडातून एक शब्द नाही. मुद्दामच निवडलं, कारण तिला यंत्राची गरजच नाही. तीन वर्षं माझ्या वर्गात आहे, तिचं सगळं मला न बोलता कळतं. बाही ओढली की पाणी. आणि सकाळी मी माझं गाणं सुरू केलं की दोन्ही कानांवर हात ठेवून डोळे गच्च मिटते. मोठमोठे गवई एकाच कानावर हात ठेवतात. एवढं रसिक मूल शाळेत दुसरं नाही.

४ जुलै, गुरुवार
टॅब्लेटला पुढे एक डोळा, मागे एक डोळा. वर्गात मी काय करतो ते कोण बघणार? ट्रेनरबाई म्हणाल्या, कॅमेरा आहे, वस्तूंचे फोटो काढायला. आणि हसल्या.
दोन्ही डोळ्यांवर चिकटपट्टी लावली. मी काही दुधखुळा नाही.

५ जुलै, शुक्रवार
गृहपाठ : चिमणीच्या रोजच्या वस्तूंचे फोटो. पाण्याची बाटली, माझी पेटी, मी स्वतः. सगळे काळेकुट्ट आले. यंत्र सदोष. मुख्याध्यापिकाबाईंकडे लेखी तक्रार, दोन प्रतींत.

८ जुलै, सोमवार
ट्रेनरबाईंनी सगळ्यांसमोर नखाने पट्टी काढली. सुतारकामाचे सर खोकत बाहेर गेले. मी लावलेली पट्टी बहुतेक एवढी रुंद नव्हती. चौकशी व्हायला हवी.
मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की चिमणीची आई तिला शाळेतून काढायच्या विचारात आहे. इथे आपलं मूल कोणालाच कळत नाही, असं तिचं म्हणणं. प्रात्यक्षिक बघून ठरवणार.
कोणालाच! डबा तसाच घरी आणला. वर्गात चिमणीची खुर्ची रिकामी, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

९ जुलै, मंगळवार
आता माझा आवाज पाहिजे. मुलांना ओळखीचा वाटावा म्हणून प्रत्येक चित्राला शिक्षकाचाच आवाज द्यायचा. म्हणजे असा बेत आहे होय! आवाज काढून घ्यायचा आणि मला घरी बसवायचं. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, नेत असतील आवाज तर नेऊ द्या की, पण परत आणू नका म्हणावं. हिला कशाचं गांभीर्य नाही.
चिमणीसाठी म्हणून दिला. पाच शब्द : सर, पाणी, गाणं, अजून, छान. यंत्र ट्रेनरबाईंनीच हाताळलं, मी फक्त बोललो. पाच शब्दांत तिचं सगळं जग बसतं.

११ जुलै, गुरुवार
खटका उडाला. ट्रेनरबाईंना सहावं बटण हवं : ‘नको’. मी सांगितलं, माझ्या वर्गात नको म्हणावं असं काही नसतंच. त्या पहिल्यांदाच हसल्या नाहीत.
“सर, जिला नको म्हणता येत नाही, तिच्या ‘हो’ला काय अर्थ?”
वाक्य पाठ केलेलं दिसतंय. मुख्याध्यापिकाबाई त्यांच्याच बाजूने. शेवटी ‘नको’ रेकॉर्ड केलं. केलं ते मात्र खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. कामात कुचराई आपल्याला जमत नाही. बटणाला लाल रंग दिलाय. लालच का?

१२ जुलै, शुक्रवार
चिमणी टॅब्लेट खाली ठेवायला तयार नाही. ट्रेनरबाई तिच्याजवळ बसून असतात. मी जवळ गेलो की दोघी गप्प. एक तर तशीही गप्पच असते, पण आज जास्त गप्प वाटली.
माझा बेत तयार आहे. सोमवारी मी गाणार, चिमणी ‘अजून’ दाबणार, आई रडणार. प्रश्न मिटला. ‘अजून’चं बटण सगळ्यांत मोठं करून घेतलं. घरी दोन कडवी जास्तीची बसवली. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. वारा असेल.

१५ जुलै, सोमवार
गाणं सुरू केलं. चिमणीचे हात कानांवर. मग एक हात खाली आला.
सर. गाणं. नको.
माझाच आवाज. शेवटच्या बाकापर्यंत गेला.
बोट चुकलं असेल म्हणून दुसरं कडवं घेतलं. सर गाणं नको. नको. नको. थांबलो. तेव्हा तिने दुसऱ्या कानावरचा हात काढला आणि माझी बाही ओढली. मी घाईघाईने बाटली पुढे केली.
पाणी. नको.
ट्रेनरबाईंना म्हणालो, हे तुम्ही पढवलंत. त्या म्हणाल्या, मी फक्त बटण कुठे आहे ते दाखवलं, कशाला लावायचं ते तिचं तिने ठरवलं.
आई रडली. तेवढं ठरल्याप्रमाणे झालं. मुलीला जवळ घेऊन एवढंच म्हणाली, “बोलली. माझ्याआधी तुमच्याशी बोलली, सर.”
घरी सौ.ला सगळं सांगितलं. तिने विचारलं, असलं लाल बटण घरी वापरायला मिळतं का?

१६ जुलै, मंगळवार
चिमणी शाळेत राहणार. माझ्याच वर्गात. आईचा निरोप आला.
सकाळी गायलो नाही. सुतारकामाचे सर मला बरं नाही का म्हणून विचारून गेले.
दहा वाजता तिने बाही ओढली. बाटलीकडे गेलेला हात मागे घेतला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, काय हवंय गं? तिने टॅब्लेट पुढे ओढला. सहाही बटणांवरून बोट फिरवलं. एकही दाबलं नाही. मग माझ्याकडे बघत राहिली. तिला हवं ते त्यात नाहीच. मी घातलेलंच नाही.
ट्रेनरबाईंना फोन केला. नवीन बटण कसं बनवायचं विचारलं. त्या म्हणाल्या, सर, ते पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.
असेल. मी तेव्हा लक्ष ठेवून होतो.