कानात सांगितलेलं नाव

४ जानेवारी

बारसं झालं म्हणे! मला कळलं स्टेटसवरून. सख्ख्या भावाच्या पोराचं बारसं, आणि एकुलती एक आत्या तळवलीत कांदे चिरतेय! कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मग पाठीत बुक्के खायचे, तेपण आत्यानेच. आणि फोटोत पाळण्यावर वाकलीय कोण? वहिनीची बहीण, सुमेधा! नाव ठेवलं अन्वित.

५ जानेवारी

काकूने सगळं ओकलं. प्रियावहिनीची आई, जासईची गोजरा, बोलली म्हणे, "जिच्या पोटातला गेलाय, ती बाय पालन्याजवल नको." आणि आमचा धनेश? मान खाली! बायकोच्या आईपुढे तोंड शिवलेलं.

माझं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. दिवाळीच्या आधी. म्हणून मी अपशकुनी? सोडणार नाही. एकालाही नाही.

१२ जानेवारी

धनेशचा फोन. "ताई, चल ना. घाटावर तळं हाय, मधोमध बेट. गाड्याबिड्या काय नाय, होडीने जायचं. एक रात्र. आपण आणि बाळ, बस. सासूबाई नाय येत."

लाच देतोय! मितेश म्हणतो, "जाऊन ये, भाऊ आहे तुझा." नवऱ्याला काय जातंय बोलायला. जाते. पण गोड बोलायला नाही जात.

१८ जानेवारी, बेटावर

धनेशची ती मोठी गाडी राहिली पलीकडच्या काठावर. चढावर साहेब स्वतः बॅगा उचलत होते, घामाघूम. बघून लई बरं वाटलं.

इथे इतकं शांत की प्रियाच्या बांगड्या अंगणाच्या त्या टोकाहून ऐकू येतात. भांडायचीपण सोय नाही! दिवसभर "ताई हे खा, ताई इथे बसा." धनेश दोनदा घसा खाकरून म्हणाला, "ताई, एक बोलायचं होतं." दोन्ही वेळा मीच उठून गेले. माफी मागणार असेल. मागू दे. देतंय कोण!

संध्याकाळी दोघं पाण्याकडे गेली, बाळ माझ्याजवळ ठेवून. आयतीच संधी! माझ्या पोराचं नाव मी ठरवून ठेवलं होतं. मितेशलाही सांगितलं नव्हतं. वाकले, कानाला तोंड लावलं — कुर्रर्र! ऋषी. ऋषी. ऋषी. घ्या! ज्याला घाबरलात, तोच तुमच्या पाळण्यात!

बाळ टकामका बघत राहिलं. मी त्याचं दुपटं सारखं केलं. रडले मात्र नाही.

१९ जानेवारी

पहिल्या होडीने एकटी निघाले. प्रिया धावत धक्क्यापर्यंत आली, "ताई, थांबा ना, आज तर तुम्हीच..." वळूनसुद्धा बघितलं नाही. फोन बंद. एसटीत काय झोप लागली!

२१ जानेवारी

फोन चालू केला. लगेच धनेश.

"ताई, बारशाला सुमेधाने नुसते ओठ हलवले. मीच सांगितलं होतं तिला. सासूबाईंपुढे हिंमत नाय झाली गं माझी. अन्वित काय, कागदावरचं. कानातलं नाव तुझ्यासाठी ठेवलं होतं, म्हणून तर बेटावर नेलं. कधी येतेस?"

मी फोन कापला.

रात्री

धनेशला मेसेज केला — नाव सांगून झालंय. रागात सांगितलंय. ये, पाठीत बुक्के घाल.