भुजंगप्रयातात ठोकलेलं चिलखत

४ जानेवारी

छातीचा पत्रा झाला! सकाळपासून शेडमध्ये त्याच्याकडे नुसता बघत बसलो आहे. मधोमध नाकासारखी उभी धार, दोन्हीकडे उतार – भाला आला तरी घसरून जावा. जन्मभर गॅरेजात लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले. आपला हात लागलाय हे कुणाला दिसूच नये, यातच त्या कामाचं कसब. हा पत्रा मात्र सपाट होता, आणि मी त्याला छाती दिली.

ठोकताना भुजंगप्रयात म्हणत होतो. एक ठोका हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. पत्रा आपसूक गोलावत जातो. सातवीत बाईंनी शिकवलेली त्याच वृत्तातली कविता – पोलादी पोशाखातला स्वार एकटाच नदी उतरतो ती – अजून पहिल्या शब्दापासून पाठ आहे. पुढच्या वर्षी बाकं बदलली नाहीत, थेट गॅरेज. स्वार तेवढा बरोबर आला.

सहाशे वर्षांपूर्वीचे युरोपातले घोडेस्वार घालत तसंच करतो आहे, डोक्यापासून पावलापर्यंत. ही म्हणते, "माझ्या वडिलांना मुलगा गॅरेजात आहे एवढंच सांगितलं होतं. लढाईला जायचा आहे हे कुणी बोललं नाही."

९ जानेवारी

गुडघ्याच्या वाट्या. डावी उजवीपेक्षा देखणी झाली. हिला दाखवली तर म्हणाली, माझ्याही तशाच आहेत, डावीच बरी.

१५ जानेवारी

वाचनालयाच्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात हस्तकलेचं प्रदर्शन आहे. नाव देऊन आलो. तिथल्या बाईंनी विचारलं, स्टँडवर मांडणार ना? म्हटलं, छे, आत मी असणार. दारापासून व्यासपीठापर्यंत चालत येणार.

मुलगा जेवून उठला. हात धुऊन आला आणि म्हणाला, "बाबा, ते घालून अंगणात उताणे झोपा आणि कुणाच्या मदतीशिवाय उठून दाखवा. उठलात तर चाला. नाहीतर स्टँड."

मान्य म्हटलं. लोकांना उगाच वाटतं की असला माणूस पडला की कासवासारखा पडूनच राहतो. नीट बेतलेलं चिलखत खांद्यावर लोंबत नाही, कंबरेवर बसतं. उठू देतं. मुलाला हे सगळं सांगितलं. म्हणाला, सांगू नका, उठा.

२८ जानेवारी

आज पहिल्यांदा पुरं अंगावर चढवलं. जुन्या रजईचं जाड जाकीट हिने शिवून दिलं आहे. एकेक पत्रा त्याला पट्ट्याने बांधत जायचं. हे एकट्याला जमतच नाही. पाय, मग छाती-पाठ, मग हात, शेवटी डोकं. ही गुडघ्यावर बसून बक्कलं आवळत होती आणि बडबडत होती – शाळेत जायच्या पोरालाही एवढं तयार करावं लागलं नव्हतं म्हणे.

अंगणात उताणा झोपलो.

उठता आलं नाही. कुशीवर वळायला गेलो की छातीच्या पत्र्याची खालची कड मांडीत घुसायची आणि वरची गळ्याशी यायची. हातपाय हलत होते, मी तिथेच. शेवटी मुलाने काखेत हात घालून उचललं. पाठीवरची माती झटकली. हसला असता तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी

शेडचं दार उघडलं नाही.

३० जानेवारी

भाजी निवडता निवडता हिने विचारलं, माप कशावरून घेतलंत? म्हटलं, लग्नातल्या कोटावरून. माझंच माप की ते! ही उठली, कपाटातून कोट काढला आणि माझ्या अंगावर चढवला. बाह्या बोटांपर्यंत. खांदे माझ्या खांद्यांच्या बाहेर. आरशात मोठ्या भावाचे कपडे घातलेला कुणी पोरगा उभा असावा तसा मी.

म्हटलं, ज्याच्यासाठी केलं तो माणूस आता या घरात राहत नाही.

"राहतो हो," ही म्हणाली. "जरा आटलाय." आणि शिवणाची टेप घेऊन माझी मापं घ्यायला लागली. मान, बगल, कंबर. प्रत्येक आकडा मोठ्याने, दया न दाखवता.

२ फेब्रुवारी

छातीचा पत्रा कापला. खालून दोन बोटं, गळ्याशी एक. माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली वस्तू – कात्री लावताना डोळे मिटावेसे वाटले, पण डोळे मिटून पत्रा कापता येत नाही. आता कडा पुन्हा वळवायच्या. दंडाचे, पोटऱ्यांचे पत्रेही आखूड करायचे.

७ फेब्रुवारी

नवी कड जुनीपेक्षा सफाईदार आली आहे. हे मी सोडून कुणाला कळणार नाही. मला कळतंय, पुष्कळ झालं.

१० फेब्रुवारी

उठलो!

कुशीवर वळलो, कोपर टेकलं, एक गुडघा पोटाशी घेतला, दुसरा – आणि उभा! एकही कड कुठे अडली नाही. सगळे पत्रे माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर सरकत गेले. शिरस्त्राणाच्या झडपेच्या फटीतून मुलाचे दोन हात तेवढे दिसत होते. माझ्या अंगापासून वीतभर लांब धरलेले, मी उठेपर्यंत तसेच. सायकल शिकवताना मी त्याच्या मागे असेच हात धरून पळायचो. लावले मात्र नाहीत त्याने. शहाणा आहे.

११ फेब्रुवारी

मुलाने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं आहे. मला नाही बोलला. फोनवर कुणाला तरी सांगत होता ते ऐकलं. "विकत कसलं? बाबांनी ठोकून केलंय." दाराआड उभं राहून दुसऱ्यांदाही ऐकलं.

१४ फेब्रुवारी

मागचे पट्टे आवळताना ही सहज बोलून गेली. "तुम्हाला काय दिसतं हो आतून?"

म्हटलं, फटीएवढं. समोरचा थोडा उजेड, थोडी जमीन.

"म्हणजे एवढं केलंत आणि चालताना कसं दिसतं ते तुम्हीच बघितलं नाहीत. आम्ही बघितलं."

खरंच, कवितेतल्या स्वाराला तरी नदी उतरताना स्वतःचं रूप कुठे दिसलं असेल? ते दिसलं काठावरून बघणाऱ्याला. त्यानेच तर ती कविता लिहिली.

१७ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. आज बक्कलं मी बांधली. आता उंचीला आम्ही दोघं सारखी. पत्रे हिच्या अंगावर हिच्यासाठीच कापल्यासारखे बसले. मुलाची अट हिने कालच अंगणात पुरी केली होती – माझ्यापेक्षा चटकन.

मी पहिल्या रांगेत बसलो. दारातून ते आलं, वरच्या दिव्यांचा उजेड अंगावर खेळवत, कुठेही न करकरता. आयुष्यात एवढं देखणं काही मी पाहिलेलं नाही. व्यासपीठावर पोचल्यावर हिने झडप वर केली, केस कपाळाला चिकटलेले, आणि हॉलभर लोक सोडून माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंत?"