मोरीची जाळी

कृष्णात,

आई मोरीपाशी घसरून पडली. तिचं मनगट मोडलंय. गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिला बेळगावच्या दवाखान्यात घेऊन चाललेय.

मोरीची जाळी तू परत काढून ठेवलीस. पाणी जात न्हाय म्हणून जाळी काढायची नसते, साफ करायची असते. भाताची शितं, चहाची पूड सगळी पाईपात जाऊन बसली आणि खरकटं पाणी चुलीपर्यंत आलं. मी वखारीत कामावर होते. आईनं तुला हाक मारली, तर "आक्का आल्यावर बघंल" म्हणून तू कॅरम खेळायला गेलास. ती एकटीच पाणी उपसत बसली.

डॉक्टरांनी विचारलं तर म्हणते, "पोरगं घरात न्हवतं." अजून तुला पाठीशी घालतीया.

पाईपात तार घालून घाण काढ, वरून गरम पाणी सोड. जाळी राखेनं घासून जागेवर बसव. रोज जेवणं झाली की तिच्यातलं खरकटं काढायचं.

आईचा हात बरा होईपर्यंत भांडी तू घासायचीस. दोस्त आले तरी दार लावून घ्यायचं न्हाय. बघू देत.

आक्का