हेडफोनमधली बीप

मरोळ गाव, अंधेरी (पूर्व)
११ जानेवारी २०२५

प्रिय बाळा,

बरा असशील असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक दिसते, म्हणून तुझ्या बहिणीकडून, वनमालाकडून, तुझा पत्ता घेतला. कागदावर मराठी लिहून वर्षं झाली, चुका काढू नकोस.

इथे सगळे ठीक. मम्मीचा गुडघा दुखतो, पण नाताळच्या नेवऱ्या तिने स्वतःच लाटल्या. तुझा डबा वेगळा भरला होता. "बाळा कसा आला नाही रे?" तिने विचारलं. मी म्हटलं, गावी आहे, शेत बघतोय. तिला तेवढंच माहीत आहे.

आरेतला आपला जनावरांचा दवाखाना चालू आहे. फ्रीजही तोच, तापमापकाची वायर कॉम्प्युटरला जोडलेली. लस आठ डिग्रीच्या वर गेली की कॉम्प्युटर पिप पिप करणार, ही सोय मीच करून दिली होती. तुला ते शिकवताना मी काय म्हटलं होतं, आठवतं? "तू फक्त कान उघडे ठेव, बाकी मशीन बघेल."

बाळा, गेल्या सोमवारी वनमाला माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आली होती. चार्जर हवा होता. तुझं विचारलं तर म्हणाली, "दादाने कुडाळला जाऊन कान तपासले. कान चांगले आहेत म्हणाले. तेव्हापासून तो स्वतःच म्हणतो, मग लागली असेल झोप. दुपारी आडवा होत नाही आता, खुर्चीत बसला तरी दचकून उठतो."

ती गेली आणि मी शटर अर्धं ओढून बसलो.

तू झोपला नव्हतास.

आता नीट सांगतो. मार्चमधल्या त्या शुक्रवारी आपल्या डॉक्टर रुचिरा मॅडमना ऑनलाइन व्याख्यान द्यायचं होतं. त्यांनी नवा हेडफोन आणला, मी त्याचा साउंड ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचं सॉफ्टवेअर, टाकला. जुना काढला नाही. दोन ड्रायव्हर एका मशीनवर भांडायला लागले, आणि नव्याने हेडफोनलाच मुख्य ठरवलं. म्हणजे कॉम्प्युटरचा प्रत्येक आवाज तिकडे. बीपसुद्धा. एकदा वाजवून बघायला हवं होतं. मी घाईत होतो. व्याख्यान झाल्यावर मॅडमनी हेडफोन, वायर न काढता, ड्रॉवरमध्ये ठेवला.

रविवारी लाइट वरखाली झाली, फ्रीज बंद पडला. तू शेजारच्या खोलीत रजिस्टर लिहीत होतास. बीप तीन तास वाजत होती रे. ड्रॉवरच्या आत.

सोमवारी मला बोलावलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. पाच मिनिटांत कळलं. बाहेर मॅडम, दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टची माणसं, तबेलेवाले, सगळे थांबलेले. लाळ्या-खुरकुताची चारशे डोस लस फेकायची होती. माझ्या डोक्यात एकच, हे बाहेर गेलं तर कोणताच दवाखाना मला दारात उभं करणार नाही. मी नवा ड्रायव्हर काढला, हेडफोन उपटला, मशीन पुन्हा चालू केलं. मग सगळ्यांना आत बोलावलं आणि तापमापक मुठीत धरला. पिप, पिप, पिप.

तू माझ्याकडे बघितलंस. घाबरलास की तू मालवणीवर येतोस. "नेल्सन, आवाज इलोच नाय रे."

आणि मी म्हटलं, "अरे, डोळा लागला असेल. होतं."

त्या पाच शब्दांवर तुझी नोकरी गेली. लसीकरण तीन आठवडे लांबलं, काशीरामच्या तबेल्यातली तीन पारडी रोगाने मेली. त्याने तुझी कॉलर धरली तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सोडवायलाही आलो नाही. सोडवताना तुझ्याशी नजरानजर झाली असती.

परवा, गुरुवारी, मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, दहा मिनिटं द्या, काही विचारू नका. त्यांच्यासमोर तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला, हेडफोन लावला, ड्रॉवर बंद केला. तापमापक गरम पाण्याच्या ग्लासात बुडवला. स्क्रीनवर आकडा नऊ, बारा, वीस. खोलीत आवाज नाही. बाहेर म्हैस हंबरली तेवढंच.

"बीप बंद पडली का?" त्यांनी विचारलं.

"ड्रॉवर उघडा, मॅडम."

त्यांनी हेडफोन कानाला लावला. बराच वेळ काढला नाही. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे बाळा खरं बोलत होता." आणि हेडफोन खाली ठेवत, "तुला हे केव्हापासून माहीत आहे?"

"त्याच सोमवारपासून."

ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "दवाखान्याच्या चाव्या टेबलावर ठेव," एवढंच म्हणाल्या. मी सगळं लिहून सही केली. काल ट्रस्टने तबेलेवाल्यांना बोलावून ते वाचून दाखवलं. काशीराम माझ्या पायाशी थुंकला आणि गेला. बाकीच्या दवाखान्यांतूनही फोन यायला लागलेत, काम थांबव म्हणून.

मॅडमचं पत्र सोबत आहे. तुझ्यावरचा ठपका काढलाय आणि जागा परत देऊ केलीय. घ्यायची की त्यांच्या तोंडावर फेकायची, ते तुझं तू ठरव. माझ्याकडे बघून ठरवू नकोस.

माफी मागत नाही. दहा महिने तुझे कान, तुझी झोप मी माझ्याकडे दाबून ठेवली. त्यावर 'सॉरी यार' लिहायला हात उठत नाही.

वनमाला म्हणाली, वाडीत अजून तुला 'झोपाळू' म्हणतात आणि तुझी आई मान खाली घालून देवळात जाते. पुढच्या रविवारी सकाळी मी येतोय. तू घरात घेतलं नाहीस तरी चालेल. मी देवळाच्या पायरीवर थांबेन, आणि तुझी आई आणि वाडीतली माणसं आली की जे इथे लिहिलंय ते त्यांच्या तोंडावर सांगेन.

तुझा कोण, ते तू ठरवशील तोवर नुसता,
नेल्सन